गिळलेली टोकं

स्टुडिओत तिला सगळे ‘दुसरी’ म्हणत. पहिली म्हणजे अर्थातच गायिका, जिचे फोटो वीस-बावीस वर्षं भिंतींवर, वह्यांवर आणि मुलींच्या कपाटांच्या आतल्या बाजूला चिकटलेले असत. गायिका गाणं म्हणून निघून गेली की दुसरी काचेमागच्या खोलीत शिरायची, हेडफोन चढवायची आणि तेच गाणं, त्याच पट्टीत, गायिकेच्या आवाजाला चिकटून पुन्हा गायची. दोन्ही आवाज एकमेकांवर नीट बसले की गायिकेचा आवाज भरदार वाटायचा. खाली आणखी कुणी आहे याचा पत्ता ऐकणाऱ्याला लागू द्यायचा नाही, एवढंच दुसरीचं काम. कामात ती इतकी तरबेज होती की बावीस वर्षांत तो कुणालाही लागला नाही.

या कामाचा एक नियम होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मास्तरांनी तो तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता. शब्दाचं टोक दुसरीनं गिळायचं. दोन गळ्यांतून ‘स’ किंवा ‘त’ कधीच एकदम सुटत नाही, एक पुढे आणि एक मागे पडतो, आणि फरशीवर खडे सांडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून ‘दिवस’ असेल तर दुसरीनं ‘दिव’ म्हणून तोंड मिटायचं. ‘स’ गायिकेचा.

“जी शब्द पुरा करते तिचं गाणं,” मास्तर म्हणत. “तू फक्त सोबत चालायचंस. दारापर्यंत जायचं, आत नाही जायचं.”

ती कधी आत गेली नाही. भांडी घासताना गुणगुणली तरी टोकं गिळूनच गुणगुणायची, इतकी सवय झाली होती. मग गायिकेचं वय वाढलं, नाचाची गाणी तिला शोभेनाशी झाली, आणि न नाचता काय करायचं ते सुचेना. आठ वर्षं स्टुडिओचा फोन आला नाही. दुसरी पोटापाण्यासाठी रेकॉर्ड केलेल्या सूचना बोलू लागली. ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा,’ हे तिचंच वाक्य. रोज हजारो लोक ते ऐकत आणि वैतागत. तिचा स्वतःचा फोन मात्र दिवसदिवस वाजत नसे.

तो वाजायचा नाही म्हणून संध्याकाळी सहाला तीच करायची. आई दुसऱ्या गावी भावाकडे होती. आईची दृष्टी दोन वर्षांपूर्वी पुरती गेली, तेव्हापासून लेकीचा आवाज हीच तिची लेक. वहिनी सांगायची, पावणेसहा वाजले की आई चाचपडत फोनजवळ खुर्ची ओढतात, आणि तेव्हा मी फोनवर कुणाशी बोलत असले तर माझ्यावर डाफरतात. दुसरी रोज तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारायची. जेवलीस का, गुडघा कसा आहे, झोप लागते का. आईही रोज तीच उत्तरं द्यायची. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे बिनपगारी शब्द तेवढेच.

एके दिवशी वर्तमानपत्रात गायिकेची मुलाखत आली. नवा अल्बम येणार होता. नाव ‘दुपारनंतर’. दहा संथ गाणी, पन्नाशीला टेकलेल्या बाईची. मोडलेला संसार, मोठी झालेली मुलं, आरशातले केस, असले विषय. शेवटी गायिका म्हणाली होती, ‘या वेळी फक्त माझा आवाज आहे. वर काही नाही, खाली काही नाही.’

दुसरीनं ते शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचले. पेपर घडी करून रद्दीत टाकला, आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढला. तिला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण नुसतंच वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. उद्या अकराला ये म्हणाले. कशाला, ते सांगेनात.

स्टुडिओ होता तसाच होता. अरुंद जिना, आवाज अडवायला जाड नमदा लावलेलं दार, भिंतींवर राखाडी गाद्या, मास्तरांच्या टेबलावर कपांच्या तळांनी उठलेली गोल गोल वर्तुळं. मास्तर सत्तरीला आले होते आणि चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवायला लागले होते. गायिका कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. चेहऱ्याला रंग नव्हता, केस पांढरे ठेवले होते. तिनं कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही.

“तू इथे कधी येऊन गेलीस?” ती म्हणाली.

दुसरीला काही कळेना. मास्तरांनी बटण दाबलं.

गाणं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. पियानोचे चार सूर आणि मग गायिकेचा आवाज. थकलेला, कडेनं जरा फाटलेला, पण खरा. आपल्याला तिच्याविषयी माया वाटते आहे, हे दुसरीच्या ध्यानात आलं. आणि मग दुसऱ्या ओळीत, त्या आवाजाखाली, आणखी एक आवाज आला. शेजारच्या खोलीत आपणच खोकल्यावर जसं वाटेल तसं तिला वाटलं. ‘उरलेला दिव...’ म्हणून तो खालचा आवाज थांबला, आणि ‘स’ एकट्या गायिकेनं म्हटला.

मास्तरांनी गाणं थांबवलं. ते म्हणाले की यंत्र बदललं, तारा बदलल्या, खोलीत गायिकेशिवाय कुणी नव्हतं. जुन्या गाण्यांतला आवाज इकडे सांडला म्हणावं तर हे गाणंच गेल्या महिन्यातलं.

“मी नाही गायले हे,” दुसरी म्हणाली.

“मग कोण गायलं?” गायिका म्हणाली.

परीक्षा घ्यायची ठरली. गायिका काचेमागे उभी राहिली आणि दुसरीला इकडे मास्तरांशेजारी खुर्चीवर बसवलं. मिटलेल्या तोंडानं गुणगुणेल, असा गायिकेला संशय. म्हणून तिनं दुसरीला तोंडात पाण्याचा घोट धरायला लावला. चार मिनिटं वीस सेकंद दुसरी गाल फुगवून बसली. एकीकडे हसू येत होतं, एकीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गाणं संपल्यावर तिनं पाणी कागदी पेल्यात टाकलं आणि तिघांनी मिळून ऐकलं.

आवाज होता. आधीपेक्षा जवळ होता.

मास्तरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी काय केलं तर तेवढाच खालचा आवाज कसाबसा पुसून गाणं पुन्हा लावलं. नुसती गायिका. आता ते उघडं वाटलं, घरातलं सामान हलवल्यावर भिंत उघडी वाटते तसं. गायिकेनं डोळे मिटून घेतले होते. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला.

“राहू दे तो आवाज,” ती म्हणाली. “आणि तू येत जा. काही करू नकोस, नुसती बस.”

दुसरीनं विचार करायला वेळ मागायला हवा होता. त्याऐवजी ती म्हणाली, “कव्हरवर माझं नाव घालाल का? माझं खरं नाव.”

“घालीन,” गायिका म्हणाली.

त्या दिवशी दुसरी जिना उतरली ती तरंगतच. आठ वर्षांनी कुणाला तरी ती हवी होती. कशासाठी, कशी, हे प्रश्न तिनं मागे ढकलले. एकट्या माणसाला असे प्रश्न मागे ढकलायची चांगली सवय असते.

मग रोज अकरा वाजता ती खुर्चीवर बसू लागली. गायिका गायची, दुसरी मांडीवर हात ठेवून बघायची, मास्तर यंत्रावरचे काटे बघायचे. मधल्या सुटीत गायिका तिला मुलांविषयी सांगायची. पूर्वी कधी असं झालं नव्हतं. दोघी एकाच सोफ्यावर बसून चहा प्यायच्या. तिसरं गाणं झालं, चौथं झालं. प्रत्येक गाण्यात खालचा आवाज जरा वर येत होता आणि गाणी सुंदर होत होती. हे दुसरीला कळत होतं, आणि आपण सुखात आहोत हेही कळत होतं.

पाचव्या गाण्याच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिला “काय म्हणालात?” असं तीनदा विचारलं. त्याच संध्याकाळी आई म्हणाली, “अगं, तू अर्धंअर्धं का बोलतेस? शब्द तोडतेस मधेच.”

लाइन खराब असेल, असं तिनं सांगितलं. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं बोलून बघू लागली. ताट. कपाट. दिवस. ‘ट’ आणि ‘स’ म्हणायला जीभ जागेवर जात होती, पण तिथून काही निघत नव्हतं. नळ ठिबकत होता तेवढा ऐकू आला.

सातव्या गाण्यानंतर तिचा आवाज ओळीच्या अखेरीला विरू लागला. वहिनीनं फोन घेऊन विचारलं, ताई, तुमची तब्येत बरी आहे ना, कारण आई म्हणतात फोनवर कुणी दुसरीच बोलते आणि ती मध्येच निघून जाते. दुसरीनं डॉक्टर गाठले. त्यांनी बॅटरीनं घशात पाहिलं. घसा अगदी ठणठणीत आहे, इतका स्वच्छ घसा मी या वर्षात पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं.

नववं गाणं झालं तेव्हा गायिका लवकर गेली. मास्तरांनी दार लावून घेतलं आणि दुसरीला जवळ बसवलं. त्यांनी पहिल्या गाण्यातला खालचा आवाज लावला. त्यात सगळी टोकं गिळलेली होती. मग पाचव्यातला लावला. अर्धी टोकं होती. मग नवव्यातला. ‘उंबरठ्यापाशी कोण’ अशी ओळ होती, आणि शेवटचा ‘ण’ स्वच्छ ऐकू आला. गायिकेचा नव्हता. गायिका तिथं मागे पडली होती.

“हा आवाज शब्द पुरा करायला लागलाय,” मास्तर म्हणाले. “उद्या शेवटचं गाणं. तू येऊ नकोस.”

“पण नाव...” दुसरी म्हणाली. पुढचं उमटलं नाही.

“नावाचं मी बघतो. तू घरी बस आणि आईशी बोल. तुझ्याकडं किती उरलंय ते मला ठाऊक नाही, पण जे आहे ते तिच्यासाठी ठेव.”

त्या संध्याकाळी सहाला ती आईशी बोलली. टोक असलेले शब्द टाळून, हळूहळू, चिमटीनं निवडल्यासारखी. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आज तू आहेस. ओळखलं मी.” फोन ठेवल्यावर दुसरी रडली. मास्तरांचं ऐकायचं, असं तिनं ठरवलं.

सकाळी ती घरीच बसली. दहा वाजले, साडेदहा वाजले. आणि बसल्या बसल्या तिला एक सुचलं. बावीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला सुचावं तेच. गप्प बसून आवाज जातो आहे. आपण तोंड मिटलं म्हणून तो वाट काढून जातो आहे. मग तोंड उघडलं तर? आपणच गायलो, मोठ्यानं, एकही टोक न गिळता, तर तो आपलाच राहील. जी शब्द पुरा करते तिचं गाणं, असं मास्तरच तर म्हणत आले होते.

ती चपला घालून निघाली.

स्टुडिओत पोचली तेव्हा गायिका काचेमागे उभी होती. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. दुसरी त्यांच्याकडे न बघता नमद्याचं दार ढकलून आत शिरली आणि गायिकेच्या शेजारी, त्याच मायक्रोफोनसमोर उभी राहिली. स्टँडवर शब्दांचा कागद होता. गायिका तिच्याकडे बघून बाजूला सरकली. एका माणसापुरती जागा तिनं दिली.

पियानोचे चार सूर आले.

दुसरी गायली. पोटातून गायली. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘आवाज’ होता, आणि तिनं ‘ज’ म्हटला. तो खणखणीत उमटला. तिला वाटलं, इतकं सोपं होतं तर. दुसऱ्या ओळीच्या टोकाला ‘स’ होता, तोही तिनं म्हटला. आयुष्यात पहिल्यांदा ती दारातून आत गेली होती. शेजारी गायिकेचे ओठ हलताना दिसत होते. दुसरीनं डोळे मिटले आणि एकेक शब्द पुरा करत शेवटपर्यंत गेली.

गाणं संपलं. मास्तरांनी ते पुन्हा लावलं.

एकच आवाज होता. भरदार, पुरा, एकही अक्षर न सांडलेला. दुसरीचा.

गायिका भिंतीला टेकली. “मी गात होते,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मास्तर, मी गात होते ना?”

मास्तर काचेपलीकडून दुसरीकडे बघत होते.

हो, त्या गात होत्या, असं सांगायला दुसरीनं तोंड उघडलं.

श्वास बाहेर आला. बाकी काही नाही.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा श्वास.

अल्बम महिन्यानं आला आणि लोकांना आवडला. गायिकेचा आवाज वयाबरोबर पिकला, असं सगळीकडे छापून आलं. मास्तरांनी एक प्रत पोस्टानं पाठवली. कव्हरच्या आतल्या पानावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, दुसरीचं पूर्ण नाव होतं. ती त्यावर बोट फिरवत बसली. बावीस वर्षं मनात धरलेली गोष्ट झाली होती आणि ती कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

तिनं त्या सूचनांच्या कंपनीचा नंबर फिरवला. निदान तिथं तरी आपण असू. वाजलं, उचललं गेलं, आणि सूचना सुरू झाली. जिथं दोन वाक्यांच्या मध्ये ती श्वास घेत असे, तिथं श्वास होता. वाक्यं नव्हती.

आईला महिनाभर फोन केला नव्हता. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय, असं वहिनीला लिहून पाठवलं होतं. पण पावणेसहा वाजले की ती खुर्ची तिला दिसू लागायची. शेवटी एका संध्याकाळी सहाला तिनं नंबर लावला. आई दोनदा हॅलो म्हणेल आणि ठेवून देईल. तेवढं ऐकायला मिळालं तरी पुष्कळ झालं.

वहिनीनं उचलला. “आई, घ्या, तुमची लेक,” असं लांबून ऐकू आलं. खुर्ची सरकली.

“बोल गं,” आई म्हणाली.

दुसरी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून गप्प राहिली.

“हो, मघाशीच जेवले,” आई म्हणाली.

मग जरा थांबून, “गुडघ्याचं काय विचारतेस? आहे तसाच आहे.”

मग हसून, “लागते गं झोप. तू नको काळजी करू.”

तेच प्रश्न. त्याच क्रमानं. मधल्या जागा दुसरीला पाठ होत्या. तिथं तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

“किती दिवसांनी नीट बोललीस,” आई म्हणाली. आवाजात सुख होतं. “एक अक्षर गळत नाहीये.”

दुसरीनं रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. ती धापा टाकत होती, हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं.

आई गप्प झाली. कान देऊन ऐकते तेव्हा ती अशीच गप्प होई.

“एक विचारू?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “तुझ्यामागं कोण उभं आहे गं? मघापासून कुणीतरी श्वास घेतंय.”